कॉकपिटांतील क्षुल्लक गोष्टी

आमच्या नगर जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा, प्रवासी विमानांशीं परिचय तसा अलीकडचाच. शिर्डीजवळ काकडी येथील विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजीं सुरू झाला. एप्रिल २०१९ मध्यें तेथें उतरणारें एक विमान धांवपट्टी ओलांडून पुढें गेलें. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. अशी बातमी आली कीं आपण एंजिन, वादळ, धुकें यांची चर्चा करतों. वैमानिकाच्या खोलींतील, म्हणजे कॉकपिटांतील, खटके, तबकड्या, फार काय कॉफीचा पेला, यांचा विचार सहसा कोणी करीत नाहीं.

अमेरिकेंत राइट फील्ड येथें ३० ऑक्टोबर १९३५ रोजीं बोइंग कंपनीचें नवें बाँबफेकी विमान थोडें वर चढून कोसळलें. विमान उभें असतांना वाऱ्यानें सुकाणूं हलूं नये म्हणून लावलेला अडसर काढावयाचा राहिला होता. चालक मेजर हिल हे निष्णात होते. निष्णाताच्या हातून जें राहतें तें कोणाच्याहि हातून राहील, हें ओळखून तपासणीची यादी निघाली. उत्तरपत्रिका पुन्हां वाचावयास सांगितली कीं हुशार विद्यार्थीच अधिक कुरकुरतो, हा माझा शाळेंतील अनुभव आहे.

मुंबईची गोष्ट याहून दारुण. १ जानेवारी १९७८ च्या रात्रीं एअर इंडियाचें ‘एंपरर अशोक’ सांताक्रूझहून दुबईस निघालें. खालीं समुद्र, भोंवतीं काळोख. क्षितिज दिसावयास मार्ग नाहीं. विमान उजवीकडे वळून पुन्हां सरळ झालें. परंतु चौकशीचा निष्कर्ष असा कीं, कल दाखविणारी मुख्य वैमानिकापुढील तबकडी उजवा कलच दाखवीत राहिली. तो सावरण्यासाठीं त्यांनीं विमान डावीकडे झुकविलें, आणखी झुकविलें. तिसरी, राखीव तबकडी खरें सांगत होती. फ्लाइट इंजिनियरनें तिकडे लक्ष वेधण्याचा यत्नहि केला. पण वेळ उरला नव्हता. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आंत विमान वांद्र्यासमोर समुद्रांत पडलें. २१३ माणसें गेलीं.

पेल्याची गोष्ट हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. २०१९-२० च्या हिंवाळ्यांत दोन एअरबस ए-३५० विमानांत मधल्या नियंत्रणफळीवर पेय सांडलें आणि भर आकाशांत एकेक एंजिन बंद पडलें. तरीहि २०२३ च्या होळींत एका भारतीय विमानांत त्याच जागीं पेला ठेविल्याचें छायाचित्र सर्वत्र पसरलें. त्या वैमानिकांना उड्डाणांपासून दूर करण्यांत आलें, तें योग्यच झालें.

२० सप्टेंबर २०१८ रोजीं मुंबईहून जयपुरास निघालेल्या विमानांत आंतील हवेचा दाब राखणारा खटका लावावयाचा राहिला. विमान वर चढतांच प्राणवायूचे मुखवटे खालीं आले. १६६ प्रवाशांपैकीं सुमारें तीस जणांच्या नाकांतून वा कानांतून रक्त आलें, आणि विमान मुंबईस परत फिरलें. त्या खटक्याचें नांव तपासणीच्या यादींत होतें. यादी निघाल्यास ८० वर्षें होऊन गेलीं होतीं.