लाही आणि पॉपकॉर्न

पॉपकॉर्न हा शब्द आता मराठीतच मुरला आहे. चित्रपटगृहात ‘मक्याच्या लाह्या द्या’ असे कुणी म्हणत नाही. पण फुटलेल्या दाण्याला निरनिराळ्या लोकांनी दिलेली नावे पाहिली, की कोणी त्यात काय पाहिले ते कळते.

मक्याच्या दाण्यात थोडे पाणी असते. उष्णता १८० अंश सेल्सिअसच्या आसपास गेली की वाफ कवच फोडते आणि गाभा फुलून बाहेर येतो. इंग्रजीने त्यातला आवाज ऐकला. ‘पॉप’ म्हणजे तो फट्ट आवाज. ‘कॉर्न’ म्हणजे मुळात कोणतेही धान्य, अमेरिकेत मात्र मका. मेक्सिकोच्या अझ्टेकांना त्यात फूल दिसले. ते त्याला ‘मोमोचित्ल’ म्हणत आणि त्याच्या माळा माथ्यावर घालून मुली देवापुढे नाचत, असे सोळाव्या शतकातला स्पॅनिश धर्मोपदेशक सहागून याने नोंदवले आहे. पेरूच्या किनाऱ्यावर तर सुमारे ६७०० वर्षांपूर्वी मका असा फोडून खात, याचे पुरावे २०१२ साली प्रसिद्ध झाले.

पुढे याचा धंदा झाला. चार्ल्स क्रेटर्सने १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात वाफेवर चालणारे पॉपकॉर्नचे यंत्र दाखवले. १९३० नंतरच्या मंदीत पाच-दहा सेंटची पुडी गरिबालाही परवडे. चित्रपटगृहांशी पॉपकॉर्नचे नाते तेव्हाच घट्ट झाले.

आपल्याकडे मका आला तो कोलंबसानंतर. लाही त्याआधीची. संस्कृत ‘लाजा’ म्हणजे भाजून फुललेले धान्य. लग्नातल्या लाजाहोमात भाऊ बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालतो. गोपाळकाल्यात ज्वारीच्या लाह्या, दिवाळीला लाह्या-बत्तासे, आजाऱ्याला लाहीपीठ. आम्हा मुसलमानांच्या घरात उर्दूतून ‘खील’ म्हणत. पण नागपंचमीला शेजारून येत त्या लाह्याच.

आणि मराठीने या शब्दात धग साठवली. उन्हाने, संतापाने अंगाची लाही लाही होते. इंग्रजीने आवाज ऐकला, अझ्टेकांनी फूल पाहिले. मराठीने दाण्याने काय सोसले ते ओळखले.

पॉपकॉर्न या शब्दाशी माझे भांडण नाही. तो मक्यापुरता आला आहे, सुखाने राहो. पण ज्वारीची, साळीची, राजगिऱ्याची लाही कढईत फुटताना ज्या मुलांनी पाहिलीच नाही, ती ‘लाही लाही’ म्हणतील तेव्हा त्यांना काय दिसेल? वाक्प्रचार कोशात टिकतो; त्याचा अर्थ चुलीपाशी टिकतो. वर्षातून एकदा तरी घरात लाह्या फोडाव्यात, मुलांना जवळ बसवून.