संगणक कक्षातला ‘बीबीसी’

आपल्या शाळेतल्या त्या कॉम्प्युटरला सगळे नुसतं ‘बीबीसी’ म्हणायचे. रेडिओवाल्या बीबीसीशी त्याचा काय संबंध, हे फारसं कुणी विचारलं नाही. पण संबंध होता. ब्रिटनमध्ये लोकांना संगणक शिकवणाऱ्या टीव्ही मालिकेसाठी बीबीसीनं केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीकडून १९८१ साली हे यंत्र करून घेतलं. भारत सरकारनं १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला, तेव्हा पहिल्या सुमारे २५० शाळांसाठी तेच निवडलं. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनं ‘युनिकॉर्न’ नावानं त्याची जुळणीही केली.

आपल्यातले बरेच जण आजही त्याला खेळणं म्हणतात. मला ते पटत नाही.

आत ६५०२ हा आठ बिटांचा प्रोसेसर होता, वेग २ मेगाहर्ट्झ. मेमरी ३२ केबी, म्हणजे आज मोबाइलवर येणारा ‘शुभ सकाळ’चा फोटोही तीत मावायचा नाही. पण ती वापरण्याची युक्ती बघा. प्रोसेसर आणि पडद्यावर चित्र काढणारा भाग, दोघांनाही हीच मेमरी लागायची. इतर बऱ्याच यंत्रांत एकाला थांबावं लागे. एकॉर्ननं मेमरीच दुप्पट वेगाची, ४ मेगाहर्ट्झची घेतली आणि पाळ्या लावून दिल्या. एका नळावर दोन घागरी, पण नळाला धार दुप्पट, त्यामुळे भांडण नाही.

चित्राची किंमत मात्र रोख मोजावी लागे. नुसत्या अक्षरांच्या ‘मोड ७’ला १ केबी पुरायचा, चार रंगांच्या ‘मोड १’ला २० केबी. कॅसेटवर चालणाऱ्या यंत्रात मग प्रोग्रॅमला साडेआठ केबी उरत. प्रोग्रॅम मोठा झाला की यंत्र सरळ सांगायचं, ‘बॅड मोड’. एका कीबोर्डवर चौघं बसून आपण एकेक ओळ कमी करत असू. इंजिनिअरिंगला मेमरी मॅनेजमेंट हा विषय आला तेव्हा मला तो नवा वाटला नाही.

याच यंत्रावर काम केलेल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढे एआरएम प्रोसेसर रचला. आपल्या बॅचच्या ग्रुपवरचे जवळजवळ सगळे मोबाइल त्याच घराण्यातल्या चिपवर चालतात. त्यातली पहिली चिप एप्रिल १९८५ मध्ये सुरू झाली, ती एका बीबीसी मायक्रोलाच जोडून.