रोमचे साहाय्यक सैनिक

रोमन साम्राज्याच्या सीमा राखणाऱ्या सैन्यात सुमारे निम्मे शिपाई रोमचे नागरिक नव्हते. इ. स. ११३ मध्ये रोम येथे उभारलेल्या ट्रेजन बादशहाच्या विजयस्तंभावर हे साहाय्यक सैनिक कोरलेले आहेत. अंगात लोखंडी कड्यांचे चिलखत, त्याखाली आखूड तुमान, हाती सपाट लंबगोल ढाल. नागरिक सैनिकांची ढाल मात्र वक्र व आयताकृती असे. ढालीवरूनच परका ओळखू येई.

ब्रिटनमधील विंडोलांडा ठाण्यात १९७३ पासून लाकडी पट्टिका सापडत आल्या. एकीवर पायमोजे व चड्ड्या पाठविल्याचा मजकूर आहे. असे दिवस काढीत २५ वर्षांची चाकरी पुरी केल्यावर नागरिकत्व मिळे. त्याचा दाखला ब्राँझच्या पत्र्यावर कोरलेला असे. ज्या राज्यासाठी तारुण्य वेचले, त्याचे नागरिक ते बहुधा उतारवयाच्या उंबरठ्यावरच होत.