कुलगुरू लक्षात राहिले, जिवाणू विसरले

डॉ. बी. ए. चोपडे हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना एकाच कारणाने माहीत आहे. २०१४ ते २०१९ ही पाच वर्षे ते औरंगाबादच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू होते. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत माणसे लढली, वस्त्या जळाल्या, जीव गेले, त्याच्या खुर्चीवर कोण बसतो याकडे चळवळीचे लक्ष असणारच. पण त्या खुर्चीआधी जवळजवळ तीस वर्षे या माणसाने प्रयोगशाळेत काय केले, असे विचारले तर आपल्या बैठकीत कुणीच बोलत नाही. आपण पदे मोजतो, काम वाचत नाही.

ते काम जिवाणूंच्या जनुकशास्त्राचे आहे. मी समाजशास्त्राचा माणूस, तरी हा विषय मला परका वाटत नाही, कारण त्याचा धागा थेट आपल्या इतिहासात जातो. १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी प्लेगचा जिवाणू शोधला. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची नवी लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्चला, पुण्यात सावित्रीमाई गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात गेल्या आणि त्याच रोगाने त्यांना गाठले. लस निघाली होती, पण ती माणसापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि कुणाच्या वस्तीत ती शेवटी पोहोचते हे सांगायला नकोच.

प्लेगच्या जिवाणूच्या घातकपणाचा मोठा भाग त्याच्या प्लास्मिडवर असतो, हे पुढे कळले. प्लास्मिड म्हणजे जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राबाहेर असलेले डीएनएचे छोटे कडे. त्याची गंमत अशी की अनेक प्लास्मिडे एका जिवाणूकडून शेजारच्या जिवाणूकडे जातात. आईकडून लेकीकडे नव्हे, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे, कधीकधी तर वेगळ्याच जातकुळीच्या शेजाऱ्याकडे. जिवाणू एकमेकांना चिकटून जनुके देतात हे १९४६ मध्ये जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टेटम यांनी दाखवले. १९५९ मध्ये जपानी संशोधकांच्या लक्षात आले की रक्ती हगवणीचे जिवाणू एकाच वेळी अनेक औषधांना दाद देत नाहीत आणि ही ताकद दुसऱ्या जिवाणूला देऊनही टाकतात. तेव्हापासून प्रतिजैविकांचा प्रश्न केवळ नवे औषध शोधण्याचा उरला नाही.

जाता जाता एक. लेडरबर्ग यांना १९५८ चे नोबेल मिळाले. त्यांच्या पत्नी एस्थर लेडरबर्ग यांनी लॅम्डा हा विषाणू शोधला होता, आणि मखमलीच्या कापडाने जिवाणूंचे ठसे एका बशीतून दुसऱ्या बशीत उचलायची पद्धत उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. नोबेलमध्ये त्यांचे नाव नव्हते, आणि पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठातही त्यांना कायम प्राध्यापकपद मिळाले नाही. प्रयोगशाळेला उतरंड नसते असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

चोपडे इंग्लंडला नॉटिंगहॅममध्ये संशोधनाला गेले ते हा विषय पक्का रुजल्यावर. तिथे केव्हिन टाउनर यांच्याबरोबर त्यांनी अ‍ॅसिनेटोबॅक्टर या जिवाणूत प्लास्मिड कसे शिरते आणि शिरल्यावर कसे वागते याचा अभ्यास केला. तो शोधनिबंध १९८५ चा आहे. त्या काळी हा जिवाणू फारसा कुणाच्या भीतीचा विषय नव्हता. माती, पाणी, माणसाची कातडी, सगळीकडे सापडणारा हा एक सामान्य जीव. पुणे विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्राचे अध्यापन करताना त्यांनी त्याचा पिच्छा सोडला नाही. गव्हाच्या मुळांजवळच्या अ‍ॅसिनेटोबॅक्टरमध्ये झाडाची वाढ करणारे संप्रेरक तयार करण्याची क्षमता प्लास्मिडवर असल्याचे त्यांच्या गटाने २००२ मध्ये मांडले. त्याआधी, १९९४ मध्ये, परिसरातून मिळवलेल्या जिवाणूंत जड धातू सहन करण्याची ताकद आणि प्रतिजैविकांना दाद न देण्याची ताकद यांचा संबंध त्यांनी दाखवला होता. याचा अर्थ नीट समजून घ्या. कारखान्याचे धातूमिश्रित पाणी ओढ्यात गेले, तर ज्या जिवाणूंनी कधी गोळीही पाहिली नाही ते औषधाविरुद्ध तयार होऊ शकतात. ओढ्याच्या खालच्या अंगाला कुणाची वस्ती असते?

२००८ मध्ये त्यांच्या गटाचा अतिदक्षता विभागातल्या संसर्गांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अनेक औषधांना न जुमानणारा आणि एकापेक्षा जास्त प्लास्मिडे बाळगणारा अ‍ॅसिनेटोबॅक्टर होता. हा जीव कोरड्या पृष्ठभागावर, खाटेच्या दांडीवर, यंत्राच्या बटणावर आठवडेच्या आठवडे टिकतो. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नव्या औषधांची निकड असलेल्या जिवाणूंची यादी केली, तेव्हा सर्वात वरच्या गटात हाच होता. ज्या जिवाणूकडे जगाने उशिरा वळून पाहिले, त्याच्यावर पुण्यात दोन दशके काम चालू होते.

आता बाबासाहेबांकडे येतो. १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी जातीच्या बचावासाठी जीवशास्त्र पुढे करणाऱ्यांना जीवशास्त्राच्याच मैदानात गाठले. मेंडेलच्या आनुवंशिकतेवर लिहिणारे बेटसन यांचा आधार त्यांनी दिला आणि विचारले की जातीने वंश सुधारला असेल, तर ही खुजी, अशक्त प्रजा कुठून आली? बाबासाहेबांना जनुकशास्त्र वाचावेसे वाटले. आपल्याला ते बारावीनंतर का वाटत नाही? आणि इथे एक सावधगिरी. प्लास्मिड शेजाऱ्याकडे जाते म्हणून 'विज्ञानाने जात खोडली' अशी पोस्टरे करू नका. माणूस जिवाणू नव्हे, आणि जात ही जीवशास्त्राची गोष्ट कधीच नव्हती.

या कामाचा आपल्याशी संबंध दुसरीकडेच आहे. अतिदक्षता विभागातली फरशी पुसणारी, पट्ट्या आणि सुया गोळा करणारी बाई कोणत्या समाजाची असते आणि कंत्राटदार तिला हातमोजे देतो का? आमच्या मलकापूरच्या बाजूला, आंबा घाटाच्या वाड्यावस्त्यांवरून येणारा मजूर औषधाच्या दुकानात लाल-पिवळी कॅप्सूल मागतो. पाच दिवसांच्या गोळ्या घ्यायला पैसे नसतात, म्हणून दोन दिवसांच्या घेतो. शिकलेली माणसे त्याला अडाणी म्हणतात. तो अडाणी नाही. डॉक्टरकडे जाण्यात रोज बुडतो, हा हिशेब त्याला चोख कळतो. पण अर्धवट औषधातून तगलेला जिवाणू पुढे कोल्हापूरच्या सीपीआरमध्ये त्याच्याच घरच्या माणसाला भेटू शकतो, हे त्याला कोण सांगणार?

चोपडे यांच्या गटाने २००७ मध्ये आदिवासींच्या निरोगी त्वचेवरच्या अ‍ॅसिनेटोबॅक्टरचाही अभ्यास प्रसिद्ध केला. शास्त्र म्हणून तो मोलाचा आहे. वाचताना माझ्या मनात मात्र वेगळेच आले. आदिवासीची कातडी नमुना म्हणून प्रयोगशाळेत पोहोचली. आदिवासी मुलगी संशोधक म्हणून देशभरच्या प्रयोगशाळांत किती पोहोचली? हा प्रश्न एका प्राध्यापकाला विचारायचा नसून शिष्यवृत्त्यांची रक्कम वेळेवर न देणाऱ्या व्यवस्थेला विचारायचा आहे, आणि थोडा आपल्यालाही. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका आपण गावोगाव काढल्या, चांगलेच केले. त्यातल्या एखाद्या कपाटात सूक्ष्मजीवशास्त्राचे एक पुस्तक आहे का, ते येत्या रविवारी मलकापुरात मी स्वतः पाहणार आहे. तुमच्या गावचे कपाट तुम्ही उघडून बघा आणि कळवा.