आघात सोसणारे लाकूड : परळचा धोटा आणि गोल्फची काठी

१९१८ साली मुंबईत, ताडदेव आणि हाजीअलीच्या मधल्या जागेत, विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब सुरू झाला. तिथल्या हिरवळीवर साहेब आणि शहरातील धनिक गोल्फ खेळत. तिथून तीन-चार किलोमीटरवर परळ आणि लोअर परळच्या गिरण्यांतील साळखाती होती. तिथे हजारो मागांवर धोटे धडधडत असत. या दोन जगांचा एकमेकांशी फारसा संबंध नव्हता. तरीही दोन्हीकडे एकाच झाडाचे लाकूड मार खात होते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील जंगलात वाढणारे हे झाड म्हणजे पर्सिमन. हा धागा त्या लाकडाचा आहे, आणि आघात शेवटी कोणाच्या अंगावर जिरतो या प्रश्नाचाही.

पर्सिमनचे कूळ आपल्याला अगदीच अनोळखी नाही. ज्याच्या पानांत विडी वळली जाते ती विदर्भातील टेंभुर्णी, म्हणजे तेंदू, त्याच कुळातली. काळा शिसवी आबनूसही त्यातलाच. या कुळाचे लाकूड जड आणि दाट असते. पर्सिमनचा विशेष गुण असा की ते घासले गेल्यावर खरखरीत न होता अधिक गुळगुळीत होते आणि ठोक्याने त्याच्या चिपा सहज उडत नाहीत.

गोल्फला या गुणांची गरज पडली ती चेंडू बदलल्यामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चेंडू म्हणजे उकडलेली पिसे ठासून भरलेली चामड्याची पिशवी असे. तो महाग होता, पावसात भिजला की फुटे, पण काठीच्या मानाने मऊ होता. १८४२ साली मुंबईत रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब स्थापन झाला, तेव्हा सर्वत्र हाच चेंडू चाले. पुढच्याच वर्षी सिंगापुरातील शल्यविशारद विल्यम माँटगोमेरी यांनी मलायातील एका झाडाच्या चिकाचे नमुने इंग्लंडला धाडले. त्याचे नाव गटापर्चा. समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांना वेष्टन म्हणून त्याचा मोठा उपयोग झाला, आणि १८४८ च्या सुमारास त्यापासून गोल्फचे चेंडूही होऊ लागले. स्वस्त, टिकाऊ आणि दगडासारखे कठीण.

या कठीण चेंडूने जुन्या काठ्यांचा निकाल लावला. लांबट, नाजूक डोक्याच्या काठ्या तडकू लागल्या आणि प्रत्येक फटक्याची झिणझिणी खेळाडूच्या मनगटापर्यंत पोहोचू लागली. कारागिरांनी काठीच्या तोंडावर चामड्याचा तुकडा बसवून पाहिला. डोके आखूड आणि जाड केले. दांड्यासाठी अमेरिकेचे हिकरी लाकूड घेतले, कारण ते वाकते पण मोडत नाही. शतक सरता सरता डोक्यासाठी पर्सिमन आले. ते मात्र नव्याने शोधावे लागले नाही. कापडगिरण्यांचा धंदा ते आधीपासूनच वापरत होता.

धोट्यासाठी पूर्वी बॉक्सवूड नावाचे लाकूड नावाजलेले होते. ते दुर्मीळ होत गेले तसे लँकेशायरचे धोटे करणारे कारखाने अमेरिकेतील पर्सिमन आणि कॉर्नेल या लाकडांकडे वळले. मुंबईच्या गिरण्यांनी लँकेशायरचे माग आणले, त्यांच्याबरोबर त्यांचे सुटे भागही आणले. मलबार हिलवरील खेळाडूची काठी आणि कोकणातून आलेल्या विणकराचा धोटा एकाच प्रकारच्या ओंडक्यातून निघण्याचे कारण हे.

आता मागाकडे नीट पाहू, कारण आघात कसा शमवावा याचे शिक्षण गोल्फच्या आधी मागाने घेतले होते.

जॉन के या इंग्रजाने १७३३ साली उडता धोटा काढला. तोवर विणकर धोटा एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलत असे. के याच्या युक्तीने झेलणारा हात गेला आणि त्या जागी लाकडी पेटी आली. यंत्रमागावर हेच काम मिनिटाला सुमारे दोनशे वेळा होऊ लागले. धोट्याचे वजन साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम, दोन्ही टोकांना पोलादी चोच. एका बाजूने ठोका बसतो, ताण्याच्या उघडलेल्या दोन पदरांमधून धोटा सुमारे बारा-तेरा मीटर प्रतिसेकंद वेगाने पलीकडे जातो, तिथल्या पेटीत थांबतो आणि लगेच उलट दिशेने पुन्हा ठोका बसतो. प्रत्येक फेरीत दोन आघात होतात, एक सुटण्याचा आणि एक थांबण्याचा. १९२० च्या दशकात गिरणीतली पाळी दहा तासांची होती. माग न थांबता चालला असता तर एका दिवसात एका मागावर एक लाख वीस हजार फेऱ्या, म्हणजे दोन लाख चाळीस हजार आघात. आणि मुंबईचा विणकर सामान्यतः दोन माग सांभाळत असे.

हा ठोका थेट लाकडावर किंवा लोखंडावर घेतला असता तर धोटा आठवडाभरही टिकला नसता. म्हणून ठोका देणारा भाग, ज्याला गिरणीत पिकर म्हणत, म्हशीच्या कच्च्या कातड्याचे थर दाबून केलेला असे. चांगला पिकर वापरण्यापूर्वी महिनोन्महिने तेलात मुरवत, लोणचे मुरवावे तसा. पिकरला ओढणारी काठी हिकरीची, म्हणजे गोल्फच्या दांड्याच्याच लाकडाची. तिला जोडणारा पट्टा चामड्याचा. पलीकडच्या पेटीत स्प्रिंगच्या जोराने दाबणारी एक पट्टी धोट्याला कडेने घासून त्याचा वेग आधीच कमी करी, आणि उरलेला धक्का चामड्याचा दुसरा पट्टा ताणला जाऊन घेई. कातडे दबते, हिकरी वाकते, पट्टा ताणतो. एका क्षणात बसणारा धक्का अशा रीतीने थोड्या अधिक काळावर पसरतो, आणि तेवढ्याच आघाताचा जोर कमी होतो. हातमोजा घातलेला यष्टिरक्षक चेंडू झेलताना हात मागे घेतो, त्यातले तत्त्व हेच.

गोल्फमध्ये ही सोय नाही. काठी आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरताच असतो. तेवढ्यात चेंडू निघून जातो, त्यामुळे काळ ताणायला वाव फारच थोडा. तिथे खरा प्रश्न आहे ठोका कुठे बसतो हा. डोक्याच्या वजनाच्या मध्याशी बसला तर हाताला जवळजवळ काही जाणवत नाही. बाजूला बसला तर डोके गर्रकन फिरू पाहते, दांडा थरथरतो आणि बोटे झणाणतात. मागावरही हे दुखणे होतेच. धोट्याची चोच पिकरच्या नेमक्या खळग्यात बसली नाही तर धोटा तिरका सुटे. नवा पिकर बसवताना ती जागा जुळवणे हे जॉबरच्या कसबाचे काम. ते चुकले तर केवळ सूत तुटत नसे. पोलादी चोचीचा अर्धा किलोचा धोटा मागाबाहेर उडून शेजारच्या विणकराच्या तोंडावर येई. मागांना धोटा अडवणारे गज लावावे लागले ते याच कारणाने.

चोच, कातडे, लाकूड, स्प्रिंग, पट्टा या प्रत्येकावर शंभर-दीडशे वर्षे विचार झाला. सूत तुटू नये, धोटा फुटू नये, माग खिळखिळा होऊ नये यासाठी. धोट्याच्या एका भागाबद्दल मात्र अशी तत्परता दिसत नाही. तो म्हणजे धोट्याच्या कडेचे बारीक छिद्र.

कांडी संपली की विणकर नवी कांडी धोट्यात बसवी आणि सुताचे टोक त्या छिद्रातून बाहेर काढी. सर्वांत झटपट रीत म्हणजे छिद्राला ओठ लावून सूत ओढून घेणे. लँकेशायरमध्ये याला धोट्याचे चुंबन म्हणत. एकच धोटा अनेकांच्या तोंडी लागे, सुतावरची पूड आणि तंतू छातीत जात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली कायद्याने ही पद्धत बंद केली. तोंड न लावता सूत ओवता येतील असे धोटे तोवर बाजारात आले होते. म्हणजे अडचण तंत्राची नव्हती.

मुंबईत या छिद्राला आणखी एक अर्थ चिकटला. साळखाते हे गिरणीतील चांगल्या मजुरीचे खाते. तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता, आणि कारण दिले जाई ते हेच: ज्या धोट्याला त्यांचे तोंड लागले त्याला आम्ही तोंड कसे लावायचे? दलित कामगार सूत कातण्याच्या खात्यात, कमी मजुरीवर राबत. गावातील पाणवठ्याचा नियम पर्सिमनच्या तुकड्यातील छिद्रापर्यंत येऊन पोहोचला होता.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप झाला. वादाच्या मुळाशी मालकांची काटकसरीची योजना होती. काही गिरण्यांत विणकराला दोनऐवजी तीन माग देण्यात आले होते. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या पोयबावडीजवळील बी. आय. टी. चाळीत राहत आणि बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी परळच्याच दामोदर हॉलमध्ये होती. साळखाते अस्पृश्यांना खुले करा, ही मागणी त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवली आणि ती मान्य नसेल तर आपल्या लोकांना संपापासून दूर राहायला सांगू, असेही बजावले. पुढाऱ्यांनी ती नाखुशीने मागण्यांत घेतली. मालकांनी उत्तर दिले की हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे. ते उत्तर सोयीचे होते, पण निखालस खोटेही नव्हते; दार अडवून उभे होते ते साळखात्यातील सवर्ण कामगारच. फक्त ओठांऐवजी बोटांनी ओवायचा धोटा विकत घेणे मालकांच्या हाती होते, आणि मजूर स्वस्त असताना त्यासाठी खर्च करण्याची गरज त्यांना वाटली नाही.

आघाताचा दुसरा वाटेकरी होता कान. कातडे आणि हिकरी धक्का पसरवतात, पण नाहीसा करीत नाहीत. उरलेला भाग आवाज होऊन बाहेर पडतो. शेकडो मागांच्या बंदिस्त साळखात्यात आवाजाची पातळी शंभर डेसिबलच्या आसपास असते. लँकेशायरच्या विणकर बायांनी ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखण्याची स्वतंत्र भाषाच घडवली होती. बहिरेपण हा धंद्याचाच एक भाग मानला जाई, सुताराच्या हाताला घट्टे पडावेत तसा.

गोल्फमध्ये नेमका याच आवाजाचा बारकाईने विचार झाला. जनरल इलेक्ट्रिकमध्ये अभियंता असलेल्या कार्स्टन सोल्हाइम यांनी १९५९ साली एक पटर बनवला. त्याचे वजन मध्यातून काढून दोन कडांना नेले होते, म्हणजे ठोका थोडा बाजूला बसला तरी डोके सहजी फिरू नये. चेंडूला लागताच तो पिंग असा वाजे, म्हणून नावही पिंग. कडेला वजन नेण्याची ही कल्पना पुढे बहुतेक सर्व काठ्यांत आली. १९७९ साली गॅरी अ‍ॅडम्स यांच्या टेलरमेड कंपनीने पोलादी डोक्याचा ड्रायव्हर बाजारात आणला. त्याला खेळाडू गमतीने ‘पिट्सबर्ग पर्सिमन’ म्हणत, कारण पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर. पोकळ धातूचे डोके घंटेसारखे घणघणे. तेव्हापासून आतल्या बाजूला फासळ्या घालणे, तोंडामागे रबरासारख्या पदार्थाचा थर बसवणे, दांड्याच्या टोकाशी कंप शोषणारा तुकडा ठेवणे हे एक वेगळे शास्त्रच झाले. १९९३ साली बर्नहार्ड लँगर यांनी पर्सिमनचा ड्रायव्हर वापरून मास्टर्स स्पर्धा जिंकली; इतक्या मोठ्या स्पर्धेतील त्या लाकडाचा तो शेवटचा विजय समजला जातो.

मागावरून पर्सिमन त्याआधीच उतरू लागले होते. १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या सुल्झर कंपनीने बिनधोट्याचा माग विक्रीस आणला. त्यात सूत ओढून नेणारा पोलादी तुकडा सुमारे चाळीस ग्रॅमचा, गोल्फच्या चेंडूपेक्षाही हलका. मुंबईच्या बहुतेक गिरण्यांत मात्र जुने माग चालूच राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपापर्यंत परळच्या कित्येक विणकरांच्या कानांवर तोच जुना ठोका पडत होता.

२००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका गोल्फपटूची हकिकत छापून आली. वय ५५, आठवड्यातून तीनदा खेळणारा. पातळ तोंडाच्या टायटॅनियम ड्रायव्हरच्या आवाजाने दीड वर्षात त्याच्या उजव्या कानात दोष निर्माण झाला असावा, असे डॉक्टरांचे निदान होते. जगभरच्या वृत्तपत्रांनी ती बातमी उचलली.

गोंगाटामुळे येणारे बहिरेपण भारताच्या कारखाने कायद्यातील व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आले ते नंतरच्या दुरुस्तीने. १९८२ च्या संपानंतर परळमधील कित्येक माग कायमचे थांबले.