मेंदूला वास आला हे स्कॅनमध्ये कसं कळतं?

2021 च्या उन्हाळ्यात मंठ्याला आईचा कोरोना बरा झाला, पण वास गेला तो गेलाच. दूध करपून घरभर धूर व्हायचा आणि ती शेजारीच बसलेली असायची. शेवटी जालन्याला नेऊन मेंदूचा एमआरआय काढला. रिपोर्ट नॉर्मल. "मग वास का येत नाही रे?" याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं.

साधा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो, काम नाही. काम बघायला फंक्शनल एमआरआय लागतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ऑक्सिजनवालं रक्त जास्त जातं. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन चुंबकाजवळ वेगवेगळं वागतं. यावर आधारलेलं तत्त्व सेइजी ओगावा यांनी 1990 मध्ये मांडलं. सिग्नलमधला फरक जेमतेम एखाद्या टक्क्याचा असतो. म्हणून एकदा वास, एकदा नुसती हवा, असं पुन्हा पुन्हा देऊन वजाबाकी करावी लागते.

चित्र स्क्रीनवर दाखवून लगेच काढून घेता येतं, वास मात्र रेंगाळतो. त्यात नाकाला त्याची सवयही होते. त्यामुळे ऑल्फॅक्टोमीटर नावाचं यंत्र नळीतून मोजूनमापून वास सोडतं. आणखी एक गंमत आहे. नुसतं हुंगलं, वास नसला तरी मेंदूतला वासाचा भाग जागा होतो, हे नोआम सोबेल आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवलं. म्हणजे तुलनेसाठीसुद्धा माणसाला कोरी हवा हुंगायला लावायची! वर डोळ्यांच्या मागचा, वासाचा अर्थ लावणारा भाग नाकाच्या पोकळ्यांना लागून. हवेमुळे चुंबकीय क्षेत्र बिघडतं आणि नेमका तिथलाच सिग्नल विरतो.

ब्रिटनमध्ये 785 जणांचे स्कॅन दोनदा काढलेले होते. त्यातल्या 401 जणांना मधल्या काळात कोरोना झाला. 2022 मध्ये आलेल्या या अभ्यासात वासाशी जोडलेल्या भागांत त्यांची झीज किंचित जास्त दिसली. पण ही सरासरी आहे. एकट्या माणसाच्या रिपोर्टमध्ये ती डोळ्यांना दिसेलच असं नाही. शिवाय कोरोनात मार बसतो तो मुख्यतः नाकाच्या वरच्या अस्तरातल्या आधारपेशींना, आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये त्या दिसत नाहीत.

स्कॅनरशिवायही वास मोजता येतो. पुण्याच्या आयसरमधल्या निक्सन अब्राहम यांच्या गटाने मोजून वास देणारं यंत्र वापरून कोरोनाच्या रुग्णांची चाचणी केली. लक्षणं नसलेल्यांचीही घ्राणशक्ती घटलेली सापडली. मला विचाराल तर तालुक्याच्या गावाला असलंच काहीतरी परवडेल.

आईला सहा महिन्यांनी पहिला वास आला तो शेपूचा. तिला अजिबात न आवडणारा.