कॉलेजात गेल्यावर ‘आपण मागे पडलो’ असं का वाटतं?

रिसोड किंवा मानोऱ्याच्या शाळेत पहिला येणारा मुलगा पुण्याच्या कॉलेजात जातो आणि पहिल्याच सेमिस्टरला त्याला वाटू लागतं, आपल्याला काहीच येत नाही. शेजारचा फाडफाड इंग्रजी बोलतो, कुणाच्या स्टेटसला इंटर्नशिपचं पत्र असतं. मुलगा तोच, बुद्धीही तीच. मग बदललं काय?

तुलना होतेच कशाला?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये ‘सामाजिक तुलने’चा सिद्धान्त मांडला. धावायला किती वेळ लागला हे घड्याळ सांगतं, पण ‘मी हुशार आहे का?’ हे सांगणारं घड्याळ नाही. असं माप नसलं की माणूस इतरांकडे पाहतो, आणि तेही आपल्यासारख्यांकडे. म्हणून सचिन तेंडुलकरची शतकं आपल्याला टोचत नाहीत, पण रूममेटचं प्लेसमेंट टोचतं.

तळं मोठं, मासा लहान

हर्बर्ट मार्श आणि जॉन पार्कर यांनी १९८४ मध्ये शाळकरी मुलांबाबत एक गोष्ट दाखवली. कुवत सारखी असली, तरी हुशार मुलांच्या शाळेत शिकणारा स्वतःला कमी लेखतो. लहान तळ्यातला मोठा मासा मोठ्या तळ्यात लहान दिसतो. त्याचा आकार मात्र तेवढाच असतो. रिसोडहून पुण्याला गेलेल्या मुलाचं तळं बदललेलं असतं.

हेवा की हुरूप?

पुढच्याकडे पाहणं वाईटच असतं असं नाही. पेनेलोपी लॉकवुड आणि झिवा कुंडा यांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या अकाउंटिंगच्या विद्यार्थ्यांना त्याच विषयातल्या एका यशस्वी सीनियरची माहिती वाचायला दिली. पहिल्या वर्षाच्या मुलांना हुरूप आला, कारण त्यांच्या हातात वेळ होता. शेवटच्या वर्षाच्या मुलांवर तसा परिणाम दिसला नाही. ‘हे मलाही जमेल’ असं वाटलं, तर दुसऱ्याचं यश बळ देतं.

वाशिमचंच उदाहरण

वाशिम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला आणि २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. या योजनेत ‘डेल्टा रँकिंग’ असतं: जिल्हा आज कुठे आहे यापेक्षा तो मागच्या वेळेपासून किती पुढे सरकला, हे त्यात पाहतात. प्रत्येकाची सुरुवातीची रेघ वेगळी असते, हे त्यात गृहीत धरलेलं आहे.

विद्यार्थ्यालाही हेच माप लावता येतं. जूनमध्ये न येणारं काय डिसेंबरमध्ये येतं, ते वहीत लिहा. पुढे असलेल्या मित्राला ‘तू सुरुवात कशी केलीस?’ असं विचारा. स्टेटसला निकाल दिसतो, नापास झालेला पेपर दिसत नाही, हेही ध्यानात ठेवा.

तुलनेपायी झोप, जेवण किंवा अभ्यास बिघडत असेल, तर टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. ही सेवा मोफत असून २४ तास सुरू असते आणि मराठीतही बोलता येतं.